समुद्र झाडणारी माणसं

२३ जून १९१७. कोकणात पाऊस बसला होता, दर्या उसळलेला होता आणि गावोगावच्या होड्या केव्हाच वर ओढून शाकारून ठेवल्या होत्या. अशा दिवसांत पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचं 'मंगोलिया' हे मोठं प्रवासी जहाज मुंबई जवळ करत होतं. बंदर काही तासांवर आलं असताना जहाजाच्या बुडाशी धडाका झाला आणि पाहता पाहता ते पाण्याखाली गेलं. वीसहून अधिक माणसं दगावली, बाकीची बचावनौकांतून सुटली.

आसपास शत्रूचं एकही जहाज नव्हतं. जे होतं, ते चार महिन्यांपूर्वीच येऊन गेलं होतं. 'वोल्फ' नावाची जर्मन युद्धनौका साध्या मालवाहू जहाजाचं सोंग घेऊन नोव्हेंबर १९१६ मध्ये कील बंदरातून निघाली होती. पोटात साडेचारशेहून अधिक सुरुंग होते. केपटाउन, कोलंबो, मुंबई, पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. अंधारात यायचं, सुरुंग टाकायचे, निघून जायचं. मुंबईसमोर हे काम फेब्रुवारीत उरकलं होतं. 'मंगोलिया'च्या थोडेच दिवस आधी 'सिटी ऑफ एक्झेटर' हे जहाजही याच सुरुंगांच्या तडाख्यात सापडलं, पण तगलं. 'वोल्फ' १९१८ च्या फेब्रुवारीत सुखरूप घरी पोचली. तिच्या कप्तानाला, कार्ल आउगुस्ट नेर्गरला, सर्वोच्च लष्करी पदक मिळालं.

नेर्गरचं नाव शोधलं की लगेच सापडतं. असे सुरुंग नंतर एकेक करून काढणाऱ्यांच्या नावाचा चौथरा मी तरी मुंबईत कुठे पाहिलेला नाही. मला गेली काही वर्षं या दुसऱ्या मंडळींबद्दलच वाचावंसं वाटतं. समुद्रात सुरुंग पेरायला एक रात्र पुरते. ते काढायला महिने लागतात, वर्षं लागतात, आणि काढणाऱ्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. जहाज ठरल्या वेळी धक्क्याला लागतं, माणसं उतरून घरी जातात. याची बातमी कोण छापणार?

आमच्या वाडीत एक काका होते, नौदलात सुरुंगनाशक जहाजावर नोकरी केलेले. लढाईच्या गोष्टी ऐकायला आम्ही पोरं त्यांच्याभोवती बसायचो आणि ते सांगायचे सरळ रेषेबद्दल. जहाज एका ओळीत न्यायचं, वळवायचं, लगतच्या ओळीत परत आणायचं. ओळ चुकली, मधे चार हात पट्टा राहिला, तर अख्ख्या दिवसाची मेहनत फुकट, कारण राहिलेला सुरुंग नेमका त्याच पट्ट्यात असणार. ते असंही सांगत की सुरुंगाच्या पाण्यात शिरल्यावर ज्यांची खाली गरजच आहे ते सोडून सगळ्यांनी वर डेकवर यायचं, आणि गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. धक्का खालून येतो. पाय ताठ असतील तर हाडं मोडतात. हे सांगताना ते अंगणात उभे राहून गुडघे वाकवून दाखवायचे. आम्हाला तेव्हा त्यात काही थरार वाटला नाही. आता वाटतो.

जुन्या पद्धतीचा सुरुंग म्हणजे स्फोटकांनी भरलेला लोखंडी गोळा. आत हवा, म्हणून तो वर यायला बघतो. खाली नांगराचं वजन आणि मधे पोलादी तार, म्हणून येऊ शकत नाही. लाटांच्या दोन-तीन वाव खाली तो उभाच्या उभा तरंगत राहतो. अंगावर शिशाची शिंगं. शिंगाच्या आत काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की मऊ शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरतं, वीज तयार होते आणि स्फोट होतो. वीज साठवून ठेवलेलीच नसल्यामुळे ती संपायचा प्रश्न येत नाही. म्हणून तर असा सुरुंग वर्षानुवर्षं जिवंत राहतो.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात याचा पहिला मोठा हिशेब झाला. चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट आर्थर बंदरासमोर रशियन अ‍ॅडमिरल मकारोव 'पेट्रोपाव्लोव्स्क' या जहाजासकट बुडाला. महिन्याभरात जपानच्या 'हात्सुसे' आणि 'याशिमा' या दोन युद्धनौका एकाच दिवशी रशियन सुरुंगांवर गेल्या. पण मला जास्त लागतं ते पुढचं. युद्ध संपलं, तह झाला, आणि तारा तुटून भरकटलेले सुरुंग चीनच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना आणि लहान गलबतांना मारत राहिले. १९०७ च्या हेग परिषदेत चिनी प्रतिनिधीने सांगितलं की आमची पाच-सहाशे माणसं अशी गेली, आणि आम्ही तर त्या युद्धात नव्हतोच. त्याच परिषदेतल्या करारात एक कलम आलं: युद्ध संपल्यावर प्रत्येक देशाने आपण पेरलेले सुरुंग काढण्याची शिकस्त करावी. कलम चांगलं आहे. अडचण एवढीच की काढायला पाण्यात उतरतो तो करारावर सही करणारा नसतो.

मग उतरतो कोण? तर मच्छीमार. ब्रिटिश अ‍ॅडमिरल चार्ल्स बेरेसफर्डने १९०७ मध्ये ग्रिम्सबी बंदरातले ट्रॉलर पाहिले आणि त्याला वाटलं की ज्यांना समुद्राच्या तळावरून जाळं ओढता येतं त्यांना सुरुंगाची तारही ओढता येईल. १९१० मध्ये ट्रॉलरवाल्यांचं राखीव दल उभं राहिलं. पद्धत आपल्या रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या कुठल्याही तांडेलाला एका वाक्यात कळेल: दोन बोटी समांतर चालवायच्या आणि मधे जाळ्याऐवजी पोलादी वायर ओढायची, बुल ट्रॉलिंग करतात तशी. वायर ठरावीक खोलीवर राहावी म्हणून तिला 'काइट' नावाच्या वजनदार लाकडी फळ्या लावायच्या. वायर सुरुंगाच्या तारेला अडकली की ती घासून तुटते, गोळा भसकन वर येतो, आणि मग लांबून बंदुकीने त्याला फोडायचं किंवा भोकं पाडून बुडवायचं. मी जेटीवर ट्रॉलरची विंच चालताना पाहिली आहे. वायरवर ताण आला की तिचा आवाज बदलतो आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. त्या ताणाच्या दुसऱ्या टोकाला मासळी नसून स्फोटकांचा गोळा आहे, हे मनात आणून बघा.

याच लोकांना मार्च १९१५ मध्ये तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत पाठवलं, आरमाराला वाट काढून द्यायला. तुर्कांनी अरुंद भागात सुरुंगांच्या दहा ओळी टाकल्या होत्या, साडेतीनशेहून अधिक सुरुंग. दोन्ही काठांवर तोफा आणि रात्री पाणी उजळून काढणारे सर्चलाइट. मार्मारा समुद्राकडून येणारा प्रवाह कायम तोंडावर. मागे वायर सोडली की ट्रॉलरचा वेग आधीच अर्धा, त्यात हा प्रवाह. तोफांसमोर बोट जवळजवळ जागच्या जागी उभी. म्हणून ठरलं की रात्री सुरुंगांच्या ओळींवरून वर जायचं, पलीकडे वळायचं आणि प्रवाहाबरोबर खाली येत झाडायचं. सुरुंगांवरून जायचं, ते काढण्यासाठी! १० मार्चच्या रात्री बोटी वर गेल्याही. पण गोळ्यांच्या वर्षावात बहुतेकांच्या काइट पाण्यात नीट उतरल्याच नाहीत, आणि एक ट्रॉलर सुरुंगावर जाऊन बुडाला.

आरमारी अधिकारी संतापले, मच्छीमार कच खातात म्हणाले. खलाशांचं म्हणणं असं की सुरुंगाने उडालो तर हरकत नाही, त्यासाठीच आलोय. पण तोफांच्या तोंडी उभं राहायला आमची भरती झालेली नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. बोटींना चिलखत नव्हतं, वेग नव्हता, आणि त्यांच्यासाठी काठावरच्या तोफा आधी गप्प करणं हे ज्यांचं काम होतं ते त्यांना जमलं नव्हतं. अपयशाचं खापर मात्र सगळ्यात लहान बोटीवर फुटलं.

८ मार्चच्या पहाटे 'नुसरत' नावाच्या छोट्याशा तुर्की जहाजाने एरेनकॉयच्या उपसागरात आणखी २६ सुरुंग टाकले होते. या वेळी सामुद्रधुनीला आडवे नव्हेत, किनाऱ्याला समांतर. ब्रिटिश-फ्रेंच जहाजं तोफांचा मारा करून वळताना नेमकी तिथून वळतात हे तुर्कांनी हेरलं होतं. झाडणाऱ्या बोटींना ही ओळ सापडली नाही. १८ मार्चला मोठा हल्ला झाला तेव्हा फ्रेंच 'बूव्हे' अवघ्या काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांसह तळाला गेली. मग 'इर्रेझिस्टिबल', मग 'ओशन'. तीन युद्धनौका गेल्या त्या या २६ गोळ्यांच्या ओळीने. समुद्रातून वाट काढायचा बेत सोडून दिला गेला आणि पाच आठवड्यांनी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या गेल्या. वेगवान विनाशिकांना झाडायची सामग्री बसवायला सुरुवात झाली ती १८ मार्चनंतर.

पहिल्या महायुद्धातला सगळ्यात मोठा सुरुंगपट्टा मात्र मित्रराष्ट्रांनीच टाकलेला. जर्मन पाणबुड्या अडवण्यासाठी १९१८ च्या उन्हाळ्यात ऑर्कनी बेटांपासून नॉर्वेपर्यंत सत्तर हजारांहून अधिक सुरुंग टाकले, त्यातले छप्पन्न हजारांवर अमेरिकेचे. पट्टा पुरता बांधून होतो न होतो तोच युद्ध संपलं. अमेरिकन सुरुंगात नवी युक्ती होती: वर तांब्याची लांब तार. जहाजाच्या पोलादाचा तांब्याला स्पर्श झाला की खाऱ्या पाण्यात आपोआप वीज तयार व्हायची आणि स्फोट. म्हणजे पोलादी बोट घेऊन सुरुंग काढायला जाणं हाच मोठा धोका. डिसेंबर १९१८ मध्ये, ऐन हिवाळ्यात, 'रेड रोज' आणि 'रेड फर्न' या दोन लाकडी शिडाच्या बोटी चाचणीसाठी गेल्या. पोलादी जहाजं वाचवायचा उपाय शोधला डडली निकल्स या तरुण अधिकाऱ्याने. जहाजाच्या अंगाला उलटी वीज देऊन सुरुंगाची वीज मारायची. पुढे हाच निकल्स हॉलिवूडचा नावाजलेला पटकथाकार झाला. त्याला सगळं जग ओळखतं ते सिनेमामुळे.

ऑर्कनीतल्या कर्कवॉल बंदरातून अमेरिकन ताफा सप्टेंबर १९१९ च्या अखेरपर्यंत झाडत राहिला. एक सुरुंग फुटला की शेजारचे फुटायचे, कधी बोटीच्या अगदी खाली. 'रिचर्ड बल्कली' हा ट्रॉलर जुलैमध्ये बुडाला, सात जण गेले. शांतता होऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या घरच्यांनी युद्ध संपल्याचा आनंद करून झालेला असणार. आणि एवढं करून पेरले तेवढे सुरुंग काही सापडले नाहीत. अनेक आधीच फुटले होते, काही वादळांत वाहून गेले. म्हणजे 'संपलं' असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात सुरुंगाला शिंगांची गरज उरली नाही. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये टेम्स नदीच्या तोंडाशी जहाजांमागून जहाजं बुडू लागली आणि झाडणाऱ्यांच्या वायरला काही लागेना. सुरुंग तळाशी पडून होते. तारच नाही तर तोडणार काय? २२ नोव्हेंबरच्या रात्री शूबरीनेसजवळ एका जर्मन विमानाने पॅराशूटला बांधलेलं काहीतरी टाकलं. ते चिखलात पडलं आणि ओहोटीला उघडं झालं.

पोर्टस्मथच्या 'व्हर्नन' या आरमारी संस्थेतून लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि लेफ्टनंट कमांडर रॉजर ल्युइस आले. त्यांनी पहाटेच्या अंधारात दिवे घेऊन ती वस्तू न्याहाळली. सात-एक फूट लांब, काळी, दंडगोलाकार. भरती चढू लागली तसे ते मागे फिरले. पुढच्या ओहोटीपर्यंत अवजारं तयार करायची होती. सुरुंग लोहचुंबकाला दाद देत असावा असा संशय होता, म्हणून लोखंड चालणार नव्हतं. कळीच्या चकतीचा कागदावर ठसा घेऊन त्या मापाचा पितळी पाना घडवून घेतला. दुपारी पाणी ओसरल्यावर ऊव्हरी आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन पुढे गेले. ल्युइस आणि खलाशी व्हर्नकोंब लांब थांबले. पुढे काय काय करणार हे ऊव्हरीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. दोघे उडाले असते तर कुठल्या पायरीवर उडाले हे मागच्यांना कळावं आणि पुढच्या सुरुंगाच्या वेळी ती पायरी टाळता यावी, म्हणून. मला या सगळ्या इतिहासात याहून मोठी गोष्ट सापडलेली नाही. स्वतःच्या मरणाचासुद्धा पुढच्याला उपयोग व्हावा, अशी शांतपणे केलेली तजवीज.

चकती निघाली, विस्फोटक निघालं, सुरुंग उलटवून दुसऱ्या बाजूचीही कळ काढली. चौघांनी मिळून तो निकामी केला. आतली यंत्रणा तपासल्यावर कळलं की वरून जाणाऱ्या जहाजाच्या चुंबकत्वाने होकायंत्रासारखी सुई हलते आणि विजेचं मंडल पूर्ण होतं. रोग कळल्यावर औषध झपाट्याने निघालं. जहाजांभोवती वीजवाहक तारांचे वेढे घालून त्यांचं चुंबकत्व मारू लागले. लाकडी बोटी जोडीने विजेच्या तरंगत्या केबल ओढत तळातले सुरुंग लांबूनच फोडू लागल्या. बाल्डविन पुढच्या वर्षी दुसरा एक सुरुंग उघडताना गेला.

त्यानंतरची शर्यत अजून थांबलेली नाही. आवाजाने फुटणारे सुरुंग आले, पाण्याचा दाब बदलला की फुटणारे आले, पहिली काही जहाजं मोजून सोडून देणारे आणि मगच फुटणारे आले. या शेवटच्या प्रकारामुळे एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं. काकांच्या सरळ रेषांचा कंटाळवाणेपणा कुठून आला, ते मला हे वाचल्यावर उमगलं.

१९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जपानभोवती बारा हजारांवर सुरुंग टाकले. जपान शरण आला आणि त्याच्याच पराभूत नौदलातली माणसं आपल्या बंदरांतून हे सुरुंग काढायला लागली. दाबाचे सुरुंग कुठल्याच पद्धतीने झाडता येईनात, तेव्हा जहाजंच वरून चालवून पाणी तपासलं गेलं. सत्तरहून अधिक जपानी माणसं या कामात गेली. शिकोकूतल्या कोतोहिरा मंदिराच्या परिसरात, जिथे दर्यावर्दी नवस बोलतात तिथे, त्यांचं स्मारक आहे.

याच माणसांना ऑक्टोबर १९५० मध्ये गुपचूप कोरियाला नेलं. उत्तर कोरियाने वॉनसान बंदराबाहेर साध्या होड्यांतून तीन हजारांच्या आसपास सुरुंग टाकले होते. १२ ऑक्टोबरला 'पायरेट' आणि 'प्लेज' ही दोन अमेरिकन सुरुंगनाशक जहाजं बुडाली. तिथे उतरायला आलेले मरीन सैनिक दिवसचे दिवस जहाजांत बसून समुद्रात वरखाली येरझारा घालत राहिले. तोवर दक्षिण कोरियाच्या फौजेने जमिनीवरून येऊन ते शहर घेऊनही टाकलं होतं. १७ तारखेला एक जपानी बोट सुरुंगावर गेली आणि तिच्यावरचा एक तरुण खलाशी मेला. युद्ध कायमचं सोडल्याची ग्वाही जपानच्या नव्या राज्यघटनेत होती, म्हणून या मोहिमेची वाच्यता नको होती. त्या मुलाच्या मरणाचं खरं कारण कित्येक वर्षं उघडपणे सांगितलं गेलं नाही.

आपल्या शेजारची गोष्ट चितगावची. १९७१ चं युद्ध संपलं तेव्हा चितगावच्या बंदरात पाकिस्तानी सुरुंग होते, बुडालेली जहाजं होती, आणि नव्या बांगलादेशात धान्य उतरवायला दुसरं एवढं मोठं बंदर नव्हतं. एप्रिल १९७२ पासून जून १९७४ पर्यंत रिअर अ‍ॅडमिरल सर्गेई झुएन्कोच्या हाताखाली सोव्हिएत नौदलाने ते मोकळं केलं. युरी रेदकिन हा खलाशी तिथेच वारला. त्याची कबर पतेंग्याला, बांगलादेशच्या नौदल अकादमीच्या आवारात आहे. कर्णफुलीच्या मुखाशी एक रशियन पोरगा झोपला आहे आणि त्याची कबर आजही राखली जाते, हे वाचून मला बरं वाटलं.

आता आपलं. ब्रिटिशांच्या काळापासून आरमारात कोकणची, विशेषतः रत्नागिरीची माणसं भरती होत आली. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या एका सुरुंगनाशक जहाजाचं नाव 'कोकण' होतं. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या एका सुरुंगनाशकालाही तेच नाव दिलं गेलं. 'कारवार', 'काकीनाडा', 'कण्णूर', 'कडलूर', 'कोळीकोड' ही तिची भावंडं. सगळी किनाऱ्यावरच्या गावांची नावं, आणि ते योग्यच होतं. एकेक करत ही जहाजं निवृत्त झाली. २०१९ मध्ये 'कोळीकोड' गेल्यावर तेव्हाच्या मोजणीप्रमाणे साडेसात हजार किलोमीटर किनारा असलेल्या देशाच्या नौदलात खास या कामासाठी बांधलेलं एकही जहाज उरलं नाही.

नवीन बांधायचा विचार नव्हता असं नाही. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या मदतीने बारा जहाजं बांधायची, बत्तीस हजार कोटींचं काम, असं ठरत आलं होतं. वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि २०१८ मध्ये सगळं रद्द झालं. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा जहाजांच्या गरजेला पुन्हा मान्यता दिली. मान्यतेपासून पाण्यात उतरणाऱ्या जहाजापर्यंत किती वर्षं जातात, हे नौदलाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांत मोठी जहाजं शिरतात ती गाळ उपसून राखलेल्या एका चिंचोळ्या वाटेने. ती वाट बंद करायला 'वोल्फ'सारखं जहाजसुद्धा लागणार नाही. वॉनसानला साध्या होड्या पुरल्या होत्या. विमानवाहू नौकेचं जलावतरण सगळा देश टीव्हीवर पाहतो, अभिमानाने पाहतो, मीही पाहतो. पण ती नौका बंदराबाहेर सुखरूप पडावी म्हणून तिच्यापुढे जे जहाज चालायला हवं, त्यासाठी इतकी वर्षं थांबणं मला अक्षम्य वाटतं.

काका आता नाहीत. त्यांच्यासारखे 'कारवार'वर, 'कोकण'वर, त्याआधीच्या लाकडी जहाजांवर राबलेले अनेक जण मालवण, देवगड, गुहागर, अलिबाग या पट्ट्यात आणि गोव्यात निवृत्त होऊन राहत आहेत. वायर कशी सोडायचे, ओळ कशी धरायचे, रात्रपाळीला काय बोलायचे, हे त्यांच्याकडून ऐकून कुणीतरी लिहून घ्यायला हवं. तुमच्या घरात, वाडीत असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्ड करा, आणि नावासकट, जहाजाच्या नावासकट, साल घालून कुठेतरी छापा.